डावा हात खिशात

जगात भित्री माणसं काही कमी नाहीत. पण भीतीचा असा शिस्तशीर, आयुष्यभर व्यासंग केलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. बाकीचे लोक भितात ते हौशी. पाल दिसली की किंचाळायचं, विमान हललं की आठवेल त्या देवाचं नाव घ्यायचं, आणि पाल गेली, विमान उतरलं, की पुन्हा बेफिकीर. मामा भितात ते गवयाने रियाझ करावा तसे, रोज, न चुकता, आणि अंगात ताप असला तरी. आमच्या इमारतीत आले की ते लिफ्ट बोलावतात, रिकामी वर पाठवतात, ती सुखरूप परत आली की तिच्याकडे आदराने बघतात आणि मग जिन्याने चढतात. रिक्षात ते बरोबर मधोमध बसतात, कारण कडेला बसलं की वळणावर वजन सरकतं. पावसाची नुसती बातमी आली तरी बेंगळुरूतल्या कुठल्याही अंडरपासखालून जायला ते नकार देतात आणि राजाजीनगरहून मल्लेश्वरमला जायला असा वळसा घेतात की रिक्षावाला मीटरपेक्षा त्यांच्या तब्येतीची चौकशी जास्त करतो. घरात मिक्सर सुरू करण्याआधी मामीला मोठ्याने "लावते हं!" असं सांगावं लागतं. एकदा ती विसरली, तेव्हा मामा हातातल्या वर्तमानपत्रासकट अंगणात सापडले.

हे सगळं ज्याच्या पोटातून आलं त्या नियमाची ओळख आधी करून द्यायला हवी. मामा बेळगावकडचे. इंजिनिअर झाले आणि बेंगळुरूच्या एका सरकारी कारखान्यात रडारला वीज पुरवणाऱ्या यंत्रांच्या विभागात चिकटले, ते निवृत्त होईपर्यंत. त्या विभागात पहिल्या दिवशी त्यांच्या वरिष्ठांनी त्यांना शिकवलं की जिथे व्होल्टेज मोठं, तिथे काम एकाच हाताने करायचं, उजव्या. डावा हात पँटच्या मागच्या खिशात. कारण दोन्ही हात यंत्राला लागले तर वीज एका हातातून शिरते, दुसऱ्यातून निघते, आणि वाटेत काळीज लागतं. एक हात खिशात असला की तिला वाट मिळत नाही. नियम सोन्यासारखा आहे आणि जगभरचे शहाणे कारागीर तो पाळतात, पण कारखान्यात. मामांनी तो कारखान्याबाहेर आणला. जिथे जिथे धोका, तिथे तिथे डावा हात खिशात, आणि धोका कुठे नाही? रस्ता ओलांडताना खिशात. बँकेत खिशात. देवळात एका हाताने नमस्कार. आरतीला ते टाळ्या वाजवत नाहीत, उजव्या हाताने मांडीवर थापट्या मारतात. त्यांच्या लग्नातली हकिगत मामी अजून सांगते: "मंगळसूत्र बांधायचं म्हटल्यावर ह्यांनी डाव्या हातानं खिसा शोधायला सुरुवात केली. धोतराला खिसा नव्हता की हो! नुसते घामाघूम. भटजींना वाटलं, मुलाला मुलगी पसंत नाही."

मामांना विचारलं तर ते ह्याला भीती म्हणत नाहीत. त्यांच्या मते भीतीचे दोन प्रकार आहेत. एक अंदाजाने भिण्याचा, तो अडाण्यांचा. दुसरा मोजून भिण्याचा. "अंदाजानं भ्यायचं नाही जावईबापू. आधी मीटर लावायचं. आकडा बघायचा. मग काय भ्यायचं ते पोटभर भ्यायचं." हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की आमच्या घरात ते चहाच्या डब्यावर लिहायला हरकत नाही. आणि मीटर हाताशी नसलं तर अनोळखी वस्तूला पहिला स्पर्श करायचा तो हाताच्या पालथ्या बाजूने, कारण वीज असली तर बोटं मिटतात, आणि पालथा हात वस्तूला चिकटून न राहता आपोआप मागे येतो. ते फ्रीजला असा हात लावतात, नळाला लावतात, आमच्या दाराच्या कडीला लावतात. माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी पाळण्यात वाकून तिच्या गालाला पहिल्यांदा पालथाच हात लावला. ती हसली. मामा म्हणाले, "सुरक्षित आहे," आणि मग सरळ हाताने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. एकाच, अर्थात.

आता अशा माणसाने घरात काय पाळावं? पोपट, फार तर तुळस. मामांनी पाळला आहे एक व्हॉल्व्हचा गिटार ॲम्प्लिफायर. विलायती बनावटीचा, त्यांच्याहून थोडाच लहान, गंजीफ्रॉकच्या रंगाचं कापड पुढे ताणलेला, आणि पाठीमागे काचेचे व्हॉल्व्ह ओळीने उभे, जुन्या रेडिओत असायचे तसे. छावणीकडे राहणारे एक अँग्लो-इंडियन गृहस्थ मुलांकडे ऑस्ट्रेलियाला निघाले, तेव्हा सोफा, पियानो आणि कुत्रा ह्यांना घरं मिळाली, हा मात्र कुणी घेईना. मामा त्या काळी कारखान्याच्या वाद्यवृंदात मागच्या रांगेत गिटार वाजवायचे. मागच्या रांगेत अशासाठी की पडदा पेटला तर दार जवळ. त्यांनी तो आणला. मामी त्याला "म्हातारा" म्हणते, आणि वाक्यात दोन म्हातारे आले की कोणता कोणता हे आपण ओळखायचं. ह्या पेटीच्या आत, भिंतीतल्या प्लगमध्ये असते तिच्या जवळजवळ दुप्पट वीज खेळते. आणि खरी गंमत, म्हणजे खरी भीती, पुढे आहे: बटण बंद केलं, प्लग काढला, दिवा विझला, तरी ती वीज आत राहते. कॅपॅसिटर नावाचे डबे आत असतात, त्यांना मामा रांजण म्हणतात. "दिवा विझला म्हणून आत हात घालणारा माणूस फार तर एकदाच घालतो. रांजण भरलेला असतो हो." ज्या माणसाला मिक्सर सोसत नाही त्याने हे घरात आणून बैठकीच्या कोपऱ्यात, जेवायला बसायच्या पाटावर बसवलं. पाट अशासाठी की फरशीवर ठेवलं तर खालचे सूर उगाच घुमतात. मामीचं म्हणणं, चांदीच्या फुल्यांचा तो पाट तिच्या माहेरचा होता आणि त्याच्यावर जावई बसायला हवा होता. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसतो.

मी पोटासाठी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहितो. "सावधान" हा शब्द मी इतक्या वेळा लिहिला आहे की आता त्याने मला काही होत नाही. त्यामुळे रविवारी दुपारी मामा ती पेटी कशी लावतात हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. आधी शेजारची पिठाची गिरणी चालू आहे का ह्याचा कानोसा. चालू असेल तर बेत रद्द, कारण गिरणी थांबताच वीज उसळी मारते. मग भिंतीतली वीज मीटरने मोजायची. मग एका मोठ्या चक्रीने ती शून्यापासून हळूहळू चढवत न्यायची, तापातून उठलेल्याला पेज पाजावी तशी. त्याआधी स्पीकरची वायर जागेवर आहे ना हे तीनदा बघायचं, कारण स्पीकर न जोडता हा ॲम्प्लिफायर चालवला तर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो; मामांच्या भाषेत, "जू रिकामं ठेवून बैल पळवायचा नाही." मग व्हॉल्व्ह तांबूस होतात. लगेच वाजवायचं नाही. कॉफी करायची, प्यायची, पेला विसळायचा, मगच दुसरं बटण. मग शिसपेन्सिलीच्या खोडरबराने एकेका व्हॉल्व्हला हलकेच टिचकी. जो घंटेसारखा वाजेल तो म्हातारा झाला, त्याची पेटीतल्याच मागच्या खोबणीत बदली. आणि आवाज? आवाजाचं बटण निम्म्याच्या जरासं पुढे, तिथेच, वर्षानुवर्षं. त्याच्या अलीकडे व्हॉल्व्ह झोपेत असतात, पलीकडे भांडतात. लहानमोठा आवाज करायचा तो गिटारीवरच्या छोट्या बटणाने आणि बोटांच्या जोराने. हळू छेडलं तर घासलेल्या तांब्यासारखा स्वच्छ सूर, जोरात छेडलं तर त्याच सुराला किंचित घोगरेपण. हे मला समजायला बरीच वर्षं लागली, कारण मी कानाऐवजी मामांच्या चेहऱ्याकडे बघत बसायचो.

पेटीवर आणखी एक बटण होतं, सुराला थरथर आणणारं. ते फिरवलं की सूर कापत, लहरत यायचा. जुन्या सिनेमात नायिका समुद्राकाठी एकटी उभी असली की मागे वाजायचा तसा. मामांनी ते आयुष्यात शून्यावरून हलवलं नाही. "सुराला हिवताप आणायचा नाही," ते म्हणायचे. "सरळ उभा राहू द्या त्याला." वाजवायचे मात्र दार लोटून. चार-पाच जुन्या चाली, त्याही अर्ध्या. चूक झाली की थांबायचे, जणू बाहेर कुणी पकडायला आलं आहे. मी एकदा फटीतून पाहिलं. मामांचे दोन्ही हात खिशाबाहेर होते. तारांना आधी पालथा हात लावून घेतला असणारच, पण नंतर दोन्ही हात बाहेर, आणि खांदेही खाली आलेले. त्या एका खोलीत, घरातल्या सर्वांत धोक्याच्या वस्तूसमोर, हा माणूस भीत नव्हता.

आमच्या कंपनीत एक उत्साही तरुण आहे. त्याच्याकडे गिटारी बऱ्याच आणि बोलणं त्याहून जास्त. मामांच्या पेटीबद्दल कळल्यावर तो यात्रेला यावा तसा आला. दारातूनच त्याने "ऊब", "मखमल", "मधाळ" अशी विशेषणं काढायला सुरुवात केली, ती मिठाईच्या दुकानात शोभली असती. मग बसला, आणि कॉफी यायच्या आत सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवून मोकळा झाला. जो आवाज झाला त्याने समोरच्या घरातलं कुत्रं पलंगाखाली गेलं आणि मामा फ्रीजमागे. शांतता झाल्यावर पाहुण्याने भारावून विचारलं, "अंकल, बेस्ट टोन का सीक्रेट क्या है?" मामा फ्रीजमागूनच म्हणाले, "डर, बेटा. डर और कॉफी." तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

ह्या पेटीचा वर्षातला मोठा दिवस आयुधपूजेचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी इकडे प्रत्येक जण आपापल्या हत्याराची पूजा करतो. बसपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना हार पडतात आणि रस्त्यावर कुंकू भरलेले कोहळे फुटतात. मामीचा आग्रह, म्हाताऱ्याचीही पूजा झाली पाहिजे, तो सुखात राहिला तर आम्ही राहू. मामांच्या अटी कडक: कुंकू कोरडं, गंध नाही, उदबत्ती लांब, कापूर नाही, आणि पाण्याचा थेंबही नाही. दरवर्षी मामी फूल पाण्यात बुडवून शिंपडायला हात उचलते आणि दरवर्षी मामा पेटीसमोर उडी घेतात. त्यांच्यातलं एवढं एकच धाडस मी पाहिलं होतं. आम्ही दरवर्षी त्या उडीसाठीच जायचो.

यंदा मामीने फूल बुडवलं, शिंपडलं, आणि काहीच झालं नाही. पाणी पेटीच्या मागच्या जाळीवर पडलं, दोन शेवंतीच्या पाकळ्या आत गेल्या. मामी स्वतःच दचकली. मामा दाराशी उभे होते, तिथेच उभे राहिले. आणि मला दिसलं की त्यांचा उजवा हातही खिशात आहे.

एकदा दिसल्यावर मग दिसतच राहिलं. प्रसाद त्यांनी घेतला नाही, "तिथे ठेव," म्हणाले. कॉफीचा पेला आम्ही निघेपर्यंत तसाच गार झाला. आठवड्याने मामीचा फोन आला. आयुष्यभर त्या आवाजाला शिव्या घालणारी ही बाई फोनवर कुजबुजत होती. "जावईबापू, हे पेटी लावत नाहीत. लई दिवस झाले. घर कसं गप्प गप्प झालंय. मला भ्या वाटालंय."

"पेटी बिघडली असेल."

"अय्यो, पेटी नव्हे हो. ह्यांचा हात. काल आमटी वाढून घेतली ती सगळी ताटाबाहेर. मी बघितलं म्हणून जेवले नाहीत. डॉक्टरकडं चला म्हटलं तर देवघरात जाऊन बसले."

मी रविवारी गेलो. मामा कोपऱ्यात बसले होते, पाटावरच्या पेटीकडे तोंड करून. काहीतरी बोलायचं म्हणून मी पेटी लावायला सांगितली. ते म्हणाले, "हम येतोय." म्हणजे आत सतत घुमणारा, माशीसारखा गुणगुणणारा आवाज. रांजण सुकले की तो येतो. बदलले पाहिजेत. नवे कॅपॅसिटर त्यांनी उन्हाळ्यातच एस. पी. रोडच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून आणून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत घालून ठेवले होते. "फार दिवस बंद ठेवली की लवकर सुकतात," ते म्हणाले. "भिऊन बंद ठेवली तर पेटी जास्त धोक्याची होते. मला ठाऊक आहे. पण आत हात घालायचा म्हणजे..." मग त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि माझ्यासमोर धरला. तो हलत होता. वाऱ्याने नव्हे, खोलीत पंखासुद्धा बंद होता. "लूज कॉन्टॅक्ट," मामा म्हणाले आणि हसायचा प्रयत्न केला.

"डॉक्टरांना दाखवू या."

"डॉक्टर नाव सांगतात हो. माझ्या विभागातल्या एकाला सांगितलं होतं. आधी असाच हात. मग पाय. मग तो बोलायचा ते कुणाला कळायचंच नाही." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "नाव कळेपर्यंत मी नुसता म्हातारा आहे. असू द्या."

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती ओरडली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "आयुष्यभर आम्हाला शिकवलंत की री, अंदाजानं भ्यायचं नाही, मोजून भ्यायचं. मग डॉक्टर म्हणजे काय? मीटरच की!"

मामांनी हात पुन्हा खिशात घातला. माझ्या तोंडून तेव्हा एक वाक्य निघून गेलं, ज्याचा मी आधी विचार केला असता तर निघालं नसतं. मी म्हटलं, "मामा, तुमच्या पेटीत मी हात घालतो. तुम्ही डॉक्टरकडे चला."

मामा माझ्याकडे बघत राहिले. भिणाऱ्या माणसाला दुसऱ्याची भीती लांबून दिसते. "तुम्ही?" ते म्हणाले. "तुम्हाला बल्ब बदलता येत नाही."

"तुम्ही सांगा, मी करतो."

"सरी," मामा कन्नडमधून कबूल झाले. "पण आधी पेटी."

पुढच्या रविवारी सकाळी, लख्ख उजेडात, तयारी झाली. पेटीचा प्लग भिंतीतून काढून मामांनी तो टेबलावर मला दिसेल असा ठेवला, पराभूत राजाचा मुकुट ठेवावा तसा. मला रबरी चपला घालायला लावल्या, हातातली अंगठी आणि घड्याळ काढायला लावलं. मामीला कोपऱ्यात उभं केलं आणि तिच्या हातात वाळलेली वेळूची काठी दिली. "हे चिकटले तर हात धरून ओढायचं नाही," मामा म्हणाले. "काठीनं हाणायचं. जोरात."

"जावयाला?"

"जावयालाच!"

मामीने पदर खोचला. तिच्या डोळ्यांत मला किंचित उत्साहही दिसला, पण ते माझं भय असेल.

"डावा हात," मामा म्हणाले.

मी डावा हात मागच्या खिशात घातला. इतकी वर्षं ज्या गोष्टीची मी घरी नक्कल करून बायकोला हसवत होतो, ती करताना मला अजिबात हसू आलं नाही. मागची फळी निघाली. आत जुन्या लाकडाचा, धुळीचा आणि तापलेल्या मेणाचा वास होता. व्हॉल्व्हच्या पायाशी शेवंतीच्या दोन पाकळ्या सुकून तपकिरी झाल्या होत्या. त्या मी चिमट्याने एकेक करून उचलल्या. मग रांजण रिकामे करायचे: एक जाड वायर, मध्ये वीज दमाने सोडणारा रोधक, एक टोक पेटीच्या पत्र्याला, दुसरं टोक एकेका कॅपॅसिटरला. मामा माझ्या मागे उभे राहून, दोन्ही हात खिशात घालून, सूचना देत होते. "हळू. धरून ठेवा. श्वास घ्या. माणूस श्वास विसरला की हात हलतो." मग मीटर लावलं. आकडा होता. छोटा, पण होता. "अजून धरा," मामा म्हणाले. आकडा उतरत गेला. त्याच क्षणी मामीने, मनात काय आलं कुणास ठाऊक, देवघराकडे हात लांब करून घंटा वाजवली. मी एक वीत वर उडालो.

"अगं, काय करालीस!"

"देवाला सांगितलं. वाईट काय त्यात?"

"जावईबापू घाबरले ना!"

"मग मी काय घाबरले नाही काय?" मामी म्हणाली, आणि काठी पुन्हा दोन्ही हातांनी धरली.

आकडा शून्याला टेकला. मी जुने कॅपॅसिटर कापले, नवे बसवले, अधिकची बाजू अधिकला आहे ना हे मामांनी पुन्हा पुन्हा विचारलं, आणि मी जोडांवर वितळलेल्या कथिलाचे इतके बेढब गोळे केले की मामांनी डोळे मिटून घेतले. पण चिकटले. फळी लागली, स्पीकरची वायर तीनदा पाहिली, प्लग गेला. चक्री फिरवायची वेळ आली तेव्हा मी बाजूला झालो. मामांनी उजवा हात काढला. चक्री मोठी होती, तिला थरथर चालते. ती हळूहळू चढत गेली आणि व्हॉल्व्ह तांबूस झाले. आम्ही तिघे वास घेत उभे. जळका वास नव्हता. कॉफी झाली, पेले विसळले, दुसरं बटण लागलं.

"ऐकलंत?" मामा म्हणाले.

"काहीच ऐकू येत नाही."

"तेच ते," मामा म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मी खिडकीकडे बघितलं.

वाजवलं मात्र नाही त्यांनी. म्हणाले, "आता तुमची पाळी झाली. माझी उद्या."

मल्लेश्वरममधल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांच्या दवाखान्याच्या दाराला मामांनी पालथा हात लावला तेव्हा त्यांनी ते पाहून घेतलं. "एरडू कै मुंदे चाची, सर," त्या म्हणाल्या. दोन्ही हात पुढे करा. मामांनी उजवा पुढे केला. डावा कुठे ठेवला ते आठवत नसावं असे थांबले. मग तोही पुढे आला. तोही हलत होता. कमी, पण हलत होता. इतकी वर्षं खिशात राहून त्याने ते कुणाला कळू दिलं नव्हतं. मामीने तोंडाला पदर लावला. बाईंनी मामांना कागदावर गोल गोल काढायला लावलं, भिंतीपर्यंत चालवलं, वडिलांच्या हातांबद्दल विचारलं. मामांना आठवलं की वडील म्हातारपणी, सांडतो म्हणून, बशीतून चहा प्यायचे नाहीत. बाई म्हणाल्या, ज्याला तुम्ही भीत होतात तो आजार हा नव्हे. हा वेगळा. घराण्यातून येतो, जीव घेत नाही. गोळ्यांनी थोडा आवरेल, वयाबरोबर थोडा वाढेल. बारीक काम मात्र आता नको.

मामांनी गोल काढलेला कागद उचलून पाहिला. मग त्यांनी कारखान्यातल्या आवाजात विचारलं, "एष्टिदे, मॅडम?" किती आहे?

"स्वल्प," बाई म्हणाल्या.

"सरी," मामा म्हणाले. बाहेर येऊन रिक्षात बसले ते कडेला बसले. मधोमध मामीला बसवलं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी आम्ही गेलो तेव्हा गिरणी बंद होती आणि बैठकीचं दार लोटलेलं. मामीने मला स्वयंपाकघरात थांबवलं. आत एक तार छेडली गेली. एकच सूर, लांब, आणि तो कापत होता. लहरत, थांबत, पुन्हा उचलला जात होता. पुढचा सूरही तसाच. चूक झाली, पण ह्या वेळी ते थांबले नाहीत. चाल पुढे गेली. इतक्या वर्षांत मी तिचा उरलेला अर्धा भाग पहिल्यांदा ऐकत होतो.

मामीने गॅस बारीक केला. "हे कधीपास्नं ते थरथरायचं बटण लावाय लागले?" ती म्हणाली. "इतके दिवस हात लावू देत नव्हते त्याला."

मी दारापाशी गेलो. फटीतून पेटी दिसत होती. थरथरीचं बटण शून्यावर होतं, नेहमीसारखं. मामांचे दोन्ही हात बाहेर होते.

मी परत आलो. मामीने विचारलं, "लावलंय ना?"

"हो," मी म्हटलं. "कसं वाटतंय?"

तिने थोडा वेळ ऐकलं. "बरं वाटालंय," ती म्हणाली. "सरळ होतं तेव्हा नुसतं वाजल्यागत वाटायचं. आता कुणीतरी गायल्यागत वाटतंय."

आत पुढची चाल सुरू झाली. तीही शेवटपर्यंत जाईल की नाही ह्या धास्तीने आम्ही दोघं हालचाल न करता उभे राहिलो. माझा डावा हात केव्हाच खिशात गेला होता.